जलद डावातला पाहुणचार

नवऱ्याच्या जलद बुद्धिबळाचं परीक्षण करायला मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी रसायनशास्त्राची. औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात माझी सगळी नोकरी झाली. समोर नमुना आला की तो तपासायचा, जे दिसलं ते लिहायचं आणि खाली सही करायची, एवढंच मला येतं. नमुन्याला काय वाटेल याचा विचार करायची सवय त्या कामात लागत नाही. गोळीला वाईट वाटत नाही.

नवऱ्याला वाटतं.

इथे एक खुलासा करते. घरात मी यांना 'अहो' म्हणते आणि चारचौघांत 'हे' म्हणते. पण लेखी मजकुरात 'हे' फार संदिग्ध होतं, म्हणून इथे श्रीनिवास असं लिहिलं आहे. त्यांना ते आवडणार नाही. पण अचूकतेला इलाज नाही.

श्रीनिवास पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आले. ते तिथेच राहिले. 'ही तिसरी शिट्टी की दुसरीचीच उरलेली?' 'कणकेत पाणी अंदाजानं घालतेस? तू?' 'मोहरी आधी का? कारण काय?' डब्यांची मांडणी त्यांनी धरणाच्या साठ्यासारखी केली, म्हणजे जास्त साठा वर आणि कमी साठा खाली. त्यामुळे डाळ संपत आली की डबा जागा बदलायचा. कारखान्यात सरकारी निरीक्षक यायचे, पण तेही आधी कळवून यायचे आणि जेवायच्या सुट्टीत निघून जायचे.

अशात त्यांना ऑनलाइन बुद्धिबळ सापडलं. मग ते खेळता खेळता लोकांना थेट दाखवता येतं, हेही सापडलं. बंदिस्त गॅलरीत टेबल गेलं, लॅपटॉप गेला, कॅमेरा गेला, आणि चॅनल सुरू झालं. चॅनलचं नाव 'निवांत ब्लिट्झ'. ब्लिट्झ म्हणजे प्रत्येकाला संपूर्ण डावासाठी मिळून तीन मिनिटं. ती संपली की पटावर तुम्ही कितीही जिंकत असा, हरलात. 'निवांत' आणि 'ब्लिट्झ' हे दोन शब्द एकत्र बसत नाहीत, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, 'तेच तर वैशिष्ट्य आहे.' रोज दुपारी चारला ते चहाचा कप घेऊन गॅलरीत जात आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेत.

ते लावलेलं दार वाचकांनी लक्षात ठेवावं. या गोष्टीत पणाला लागलेली वस्तू तीच आहे.

एके दिवशी जेवताना श्रीनिवास म्हणाले, 'तू एवढी शास्त्राची माणूस. जरा माझे डाव बघ आणि सांग, सुधारणेला कुठे वाव आहे.' त्यांचं रेटिंग बरेच महिने एकाच आकड्यापाशी मांडी घालून बसलं होतं. असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त 'किती डाव बघू?' असं विचारलं. नमुना पुरेसा मोठा हवा.

मी आठवडाभर त्यांचे डाव बघितले.

श्रीनिवासचा डाव सुरू फार छान होतो. पहिल्या मिनिटात ते जाणत्या माणसासारखे खेळतात. प्यादी मध्यभागी जातात, घोडे बाहेर येतात, राजा सुरक्षित कोपऱ्यात जातो. मग प्रेक्षकांपैकी कुणीतरी येतं. पडद्याच्या कडेला नाव उमटतं, आणि श्रीनिवास पटावरची नजर काढून कॅमेऱ्याकडे बघतात. 'या, या, जिंतूरकरसाहेब! बऱ्याच दिवसांनी! गुडघा काय म्हणतो?' जिंतूरकरसाहेब गुडघ्याविषयी टाइप करू लागतात. ते सावकाश टाइप करतात. विचारलं आहे तर उत्तर येईपर्यंत थांबलं पाहिजे, नाहीतर ते बरं दिसत नाही. घड्याळ चालूच असतं.

समोरच्याची सोंगटी मारायची वेळ आली की श्रीनिवास आधी माफी मागतात. 'माफ करा हं, घोडा घेतोय.' समोरचा बहुधा ब्राझीलमध्ये असतो आणि त्याला काहीही ऐकू जात नाही. पण माफीत सेकंद जातात, आणि पुढच्याच चालीला ब्राझीलमधला माणूस हत्ती घेतो. तो माफी मागत नाही.

आणि वजीर. आमच्या शोकेसमध्ये लग्नात आलेला कपबशांचा एक सेट आहे. तो काढावा इतकं मोठं माणूस अजून आमच्याकडे आलेलं नाही. श्रीनिवास वजीर अगदी तसा वापरतात. पटावरची सगळ्यात ताकदवान सोंगटी मागच्या ओळीत जपून ठेवलेली असते, पुढे लागेल म्हणून. डाव संपतो, आणि वजिराला ओरखडाही गेलेला नसतो.

मी तीन पानी परीक्षण लिहिलं. नमुना, पद्धत, निरीक्षणं, निष्कर्ष. निष्कर्षात म्हटलं होतं की, 'बहुतांश पराभव समोरच्याच्या खेळामुळे नसून वेळ संपल्यामुळे झालेले आहेत. वेळ पाहुणचारात जातो. स्वागत बंद केल्यास खेळ सुधारेल.' खाली सही केली, तारीख घातली.

श्रीनिवासनी तिन्ही पानं वाचली, घडी घातली आणि म्हणाले, 'टापटीप लिहिलंयस.' दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी ते परीक्षण चॅनलवर मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रेक्षक आपली बाजू घेतील आणि सगळे मिळून हसून विषय संपवतील, असा त्यांचा हिशोब होता. प्रेक्षकांनी माझी बाजू घेतली. वजिराच्या परिच्छेदाला तर त्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. जिंतूरकरसाहेबांनी लिहिलं, 'माझ्या गुडघ्यामुळे आपण हरता हे आधी सांगितलं असतं, तर गुडघा बरा आहे एवढंच म्हटलं असतं.' हे लिहीपर्यंत तो डावही गेला.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या आशाबाई वर आल्या. त्या मूळच्या बिडकीनच्या, शेतीवाडीच्या घरातल्या, आणि आमच्या इमारतीत जे काही घडतं ते त्यांच्याकडे नोंदवावं लागतं.

'व्हय वो वहिनी, तुम्ही भाऊजींचा रिपोर्ट काढला म्हणं? काय निघालं? शुगर?'

मी त्यांना सगळं सांगितलं.

'मंग औषध काय दिलं?'

'खेळताना बोलायचं नाही.'

'बोलायचं नाय?' आशाबाईंनी गॅलरीच्या दाराकडे बघून सुस्कारा सोडला. 'लई कडक औषध हाय, बाई.'

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच आठवड्यात चॅनलवर पैठणची प्रेरणा आली. प्रेरणा तिथल्या कॉलेजात शिकते, तिचं स्वतःचं चॅनल आहे, आणि ती इतकी भराभर खेळते की बघणाऱ्याला सोंगट्या आपोआप सरकतायत असं वाटावं. तिनं लिहिलं, 'काका, मावशी लई खरं बोलल्या. तुम्ही खेळतच नाय. तुम्ही पंगत वाढता.'

मी कुकरजवळ उभी होते. दोन शिट्ट्यांच्या मधल्या शांततेत गॅलरीतून आवाज आला, 'असं? मग ये! दहा डाव! मी हरलो तर चॅनल बंद!'

मी गॅस बंद केला. शिट्ट्या किती झाल्या होत्या ते मला आजही सांगता येणार नाही.

'अहो, हे काय बोलून बसलात?'

'शब्द दिलाय.'

'कुणाला?'

'सगळ्यांना. ऐंशी-नव्वद लोक ऐकत होते.'

'आणि हरलात तर मग दुपारी करणार काय?'

श्रीनिवासनी माझ्याकडे फार प्रेमानं बघितलं. 'तुला मदत करीन,' ते म्हणाले.

त्या क्षणापासून मी या सामन्याकडे अत्यंत गांभीर्यानं बघू लागले.

पहिली अडचण आमच्या सोसायटीचे अध्यक्ष तात्यासाहेब. ते तहसील कार्यालयात अव्वल कारकून होते, आणि कोणतीही गोष्ट परवानगीशिवाय घडली तर ती घडलीच नाही असं मानतात. जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

'वहिनी, सामना आहे म्हणे.'

'हो. घरातल्या घरात. बुद्धिबळाचा.'

'प्रेक्षक आहेत?'

'आहेत, पण ते आपापल्या घरी असतील.'

'घरी असोत की मैदानात असोत, प्रेक्षक म्हणजे प्रेक्षक. प्रेक्षक आले म्हणजे सार्वजनिक कार्यक्रम. आणि निवासी सदनिकेत सार्वजनिक कार्यक्रम करायचा तर सभेचा ठराव लागतो.'

'आवाज होणार नाही, तात्यासाहेब.'

'वहिनी, आवाजाचा ठराव वेगळा.'

सभा बोलावली. सभेला तात्यासाहेब, आम्ही दोघं आणि आशाबाई एवढेच आले. गणसंख्या पुरेना. नियम असा की सभा तहकूब करायची, अर्ध्या तासानं पुन्हा भरवायची, आणि दुसऱ्या खेपेला गणसंख्येची गरज राहत नाही. गरजच नसेल तर पहिल्या खेपेला ती का लागते, हे मी विचारलं. त्यावर तात्यासाहेबांनी, पाण्यानं शंभर अंशालाच का उकळावं असं विचारणाऱ्या मुलाकडे मी ज्या नजरेनं बघितलं असतं, त्या नजरेनं माझ्याकडे बघितलं. तो अर्धा तास सगळ्यांनी आमच्याकडे चहा घेतला. मग ठराव एकमतानं मंजूर झाला. त्यात एकच अट होती. विजयी खेळाडूनं आवारात मिरवणूक काढू नये.

दुसरी अडचण तारखेची. सामन्याचा मुहूर्त बघायला पंचांग लागलं नाही, पण पाण्याचा वार बघावा लागला. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि त्या दिवशी कुणाच्याही घरात कुणीही काहीही खेळत नाही. प्रेरणाला सांगितलं तर ती म्हणाली, 'काका, धरण आमच्या उशाला, अन् तुमच्या नळाला पाणी नाय?' आमच्या शहराला पाणी पैठणच्याच धरणातून येतं, आणि श्रीनिवास पाटबंधारे खात्यातले. हा टोला त्यांच्या खेळापेक्षा खोल लागला. शेवटी रविवार सकाळ ठरली.

आता तयारी. बदाम खावेत, हे आशाबाईंचं मत. बदाम सोलून खावेत, हे तात्यासाहेबांचं. तिसऱ्या मजल्यावरचा सत्यम संगणकातला इंजिनिअर. त्याचं म्हणणं होतं की काकांनी माऊस बदलावा. माझं म्हणणं निष्कर्षात लिहिलेलंच होतं. पण श्रीनिवासना गप्प बसणं जमेना. नाव दिसलं की तोंडातून 'या, या' निघून जायचं. शिंक दाबता येत नाही तसं. शेवटी आशाबाईंनी उपाय काढला.

'तोंडात सुपारी धरायची, भाऊजी. अख्खी. चावायची नाय. आमचे मालक भांडणाच्या टायमाला धरायचे.'

सुपारीनं काम केलं. श्रीनिवास गालात सुपारी धरून, डोळे पटावर रोखून, घुम्यासारखे खेळू लागले. ते जिंकू लागले. वजीर बाहेर आला. रेटिंगनं मांडी मोडली आणि ते उठून उभं राहिलं. शास्त्राच्या दृष्टीनं प्रयोग यशस्वी झाला होता.

फक्त प्रेक्षक जाऊ लागले. आधी दोघं-तिघं, मग बरेच. जिंतूरकरसाहेबांनी 'गुडघा पुन्हा दुखतो आहे' असं आपण होऊन लिहिलं, उत्तराची वाट बघितली आणि निघून गेले. एका दुपारी पाच वाजायच्या आतच गॅलरीचं दार उघडलं. श्रीनिवास स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. गाल फुगलेला होता.

'सगळे डाव जिंकलो,' सुपारी काढून ते म्हणाले.

'छान झालं की.'

'हं.' मग ते आत आले. त्यांनी ओट्यावरून नजर फिरवली. 'तू चिरलेली भाजी आधी धुतेस की नंतर?'

माझ्या हातातली सुरी थांबली. चॅनल हरून बंद पडेल एवढीच भीती मी आजवर धरली होती. ते जिंकूनही बंद पडू शकतं, हे माझ्या निष्कर्षात कुठेच नव्हतं. मी भाजी बाजूला सारली. आता मागे फिरायची सोय नव्हती. बोलत बोलत खेळले तर श्रीनिवास प्रेरणासमोर हरणार, हे नक्की होतं. म्हणून मी ठरवलं की रविवारपर्यंत सुपारी, नंतर जे होईल ते होईल.

रविवारी सकाळी आमचा हॉल भरला. आशाबाईंनी येताना स्वतःचा पाट आणला. तात्यासाहेब ठरावाची प्रत घेऊन बसले, कुणी आक्षेप घेतलाच तर असावी म्हणून. सत्यम गॅलरीतला लॅपटॉप हॉलमध्ये आणून वायरी जोडत म्हणाला, 'काकू, टेन्शन नक्को. सब सेट है.' त्यानं दोन लिंक तयार केल्या होत्या. एक श्रीनिवास आणि प्रेरणा यांनी एकमेकांना दिसावं, ऐकू यावं म्हणून, आणि दुसरी प्रेक्षकांनी बघावं म्हणून. दुसरी लिंक त्यानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. श्रीनिवासनी ती लगेच आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवली.

ती दुसरी नव्हती, पहिली होती. पाठवण्याआधी कुणी तपासलं नाही. मीही नाही, आणि हे मला अजून लागतं.

पहिला डाव सुरू होऊन मिनिटही झालं नसेल, तोच पडद्यावर दोन खेळाडूंच्या शेजारी तिसरी चौकट उघडली आणि तीत एक छताचा पंखा फिरताना दिसला. पंख्यामागून तात्यासाहेबांच्या घरातल्या मंडळींचा आवाज आला, 'दिसत नाही हो काही.' सत्यमनं घाईनं त्यांना बाहेर काढलं. मग कुणाचा तरी कान आला. तोही काढला. सत्यम येईल त्याला बाहेर काढत होता, पण मुळात त्या लिंकचंच दार बंद करायचं त्याला सुचलं नाही. इंजिनिअर लोकांचं हे नेहमीचंच आहे.

डाव मात्र अटीतटीचे झाले. श्रीनिवास सुपारी धरून खेळत होते. प्रेरणा वेगानं आणि बोलत बोलत खेळत होती. 'आता कसं, काका? घोडा गेला ना? काहून हो गप? मावशीनं कुलूप लावलं का?' श्रीनिवासचे कान लाल होत, पण ओठ मिटलेले. कधी ते जिंकत, कधी ती, आणि एक डाव अनिर्णित सुटला. नऊ डाव झाले तेव्हा दोघांची बरोबरी होती. दहावा डाव राहिला.

मी हॉलच्या दारात उभी होते. तिथून मला एका बाजूला पडदा दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला माझं स्वयंपाकघर.

दहाव्या डावात श्रीनिवास फार सुंदर खेळले. सोंगट्या थोड्याच राहिल्या होत्या. त्यांचा वजीर आणि दोन प्यादी, तिचा हत्ती, घोडा आणि एक प्यादं. पटावर ते जिंकत होते. घड्याळात मात्र ते मागे होते. त्यांच्याकडे वीसेक सेकंद, तिच्याकडे त्याच्या दुप्पट. चाल श्रीनिवासची होती. आणि तेवढ्यात पडद्यावर नवी चौकट उघडली.

चौकटीत एक पांढरं डोकं, जाड भिंगांचा चष्मा आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. वैजापूरची यमुनाआत्या. श्रीनिवासची सख्खी आत्या, वय नव्वदीकडे झुकलेलं, सगळ्या घराण्याचा दरारा.

'श्रीनिवास? दिसतोय की रे तू! केवढा वाळलास!'

मी सत्यमकडे बघितलं. सत्यमनं माझ्याकडे बघितलं. त्याचं बोट बटणावर होतं. 'काकू, काढू?' तो पुटपुटला. आत्याला काढायचं! लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर कधी पाय पसरून बसलेले नाही, की तोंड उघडलेलं नाही. मी मान हलवली, पण ती हो अशी हलली की नाही अशी, ते मलाही कळलं नाही. सत्यमनं बोट मागे घेतलं.

श्रीनिवासनी सुपारी काढली. ते उभे राहिले. उभं राहून, हात जोडून, वाकून त्यांनी कॅमेऱ्याला नमस्कार केला. 'आत्या, नमस्कार करतो. तब्येत कशी आहे?'

घड्याळ पळत होतं.

'बरी आहे. काय करतोयस?'

'खेळतोय, आत्या. शेवटचा डाव.'

'मग खेळ की! माझ्याकडे काय बघतोस?'

श्रीनिवास खाली बसले आणि त्यांनी चाल केली. घड्याळात पाच-सहा सेकंद उरले होते. आता प्रेरणानं दोन-तीन भराभर चाली केल्या की श्रीनिवासची वेळ संपणार, डाव संपणार आणि दार कायमचं उघडं राहणार. मी डोळे मिटून घेतले.

'आणि ही मुलगी कोण रे?' आत्यांचा आवाज आला. 'तू कुणाची गं?'

मी डोळे उघडले.

पैठणची असो की वैजापूरची, आपल्याकडच्या मुलीला हा प्रश्न वडीलधाऱ्या बाईनं विचारला की तिला उत्तर द्यावं लागतं. प्रेरणाचा हात माऊसवरून उठला. तिनं दोन्ही हात जोडले. 'नमस्कार आजी. मी प्रेरणा. पैठणची.'

'पैठणला कुठं?'

'नाथांच्या वाड्याच्या मागल्या गल्लीत.'

'शेती आहे?'

'व्हय आजी, हाय थोडी. कापूस अन् ऊस.'

'आजोळ कुठलं?'

'वैजापूर,' प्रेरणा म्हणाली. बोलताना तिनं एकदा घड्याळाकडे बघितलं, पण आत्यांची नजर तिच्यावर होती.

'वैजापूर!' आत्या खुर्चीत पुढे सरकल्या. 'वैजापुरात कुणाकडं?'

'मार्केट यार्डापाशी. आजोबांची अडत होती कांद्याची. सुदर्शनराव.'

'अगं, सुदर्शनराव! समोरच राहायचे आमच्या! तुझी आई म्हणजे सरळ नाकाची ती धाकटी का? आमच्या अंगणात फुगड्या घालायची. कशी आहे ती?'

'बरी हाय, आजी. आईला आत्ता बोलावते हां...'

आणि पडद्यावर निकाल उमटला. प्रेरणाची वेळ संपली होती. श्रीनिवास जिंकले होते.

आशाबाईंनी पाटावर बसूनच दोन्ही हात वर केले. सत्यम ओरडला. तात्यासाहेबांनी त्याला मिरवणुकीच्या अटीची आठवण करून दिली. मी दाराच्या चौकटीला टेकले.

पण माझा नवरा माझा नवराच राहिला.

'थांबा, थांबा,' श्रीनिवास हात वर करून म्हणाले. 'हे बरोबर नाही. प्रेरणा, माझ्या आत्यामुळे तुझा वेळ गेला. हा डाव मोजायचा नाही. आपण पुन्हा खेळू.'

पुन्हा खेळले असते तर ते हरले असते, याबद्दल मला काडीमात्र शंका नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर आत्या आल्याचा आनंद इतका पसरला होता की आता त्या तोंडात सुपारी बसणं शक्य नव्हतं.

मी आजवर त्या कॅमेऱ्यासमोर कधी गेले नव्हते. नोकरीतही वरिष्ठांसमोर मी कागद पुढे करत असे, बोलत नसे. पण मी सरळ पडद्यापाशी गेले, श्रीनिवासच्या खांद्यावरून वाकले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, 'डाव मोजायचा. आत्या दोघांशीही बोलल्या. आधी यांचा वेळ गेला, मग हिचा गेला. परिस्थिती दोघांनाही सारखी होती. निकाल लागलेला आहे आणि तो बदलणार नाही.'

हे तत्त्वाला धरून होतं का? होतं. मी तत्त्वासाठी बोलले का? अजिबात नाही.

प्रेरणा हसू लागली. 'मावशी म्हणतात ते बरोबर हाय, काका. वेळ माझाच गेला. आजींना मधेच थांबा कसं म्हणायचं? आईनं घरात घेतलं नसतं मला. तुमचं चॅनल चालू ऱ्हाऊ द्या. नायतर मी पंगतीला कुठं यायचं?'

'ही कोण बोलली आत्ता?' आत्यांनी चष्मा सारखा केला. 'सरिता? अगं बाई, तुला बोलता येतं की!'

हॉलभर हशा पिकला. मी पदर सावरला, आत्यांना नमस्कार केला आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. प्रेरणाच्या आईला कुणीतरी कॅमेऱ्यासमोर आणलं. त्यानंतर आत्या आणि ती किती वेळ बोलत होत्या ते मी बघितलं नाही. प्रेक्षकांची संख्या तेवढ्या वेळात चॅनलच्या इतिहासात सगळ्यात वर गेली होती, असं नंतर सत्यमनं सांगितलं. बुद्धिबळ तेव्हा कुणीच खेळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता श्रीनिवास चहाचा कप घेऊन उठले. मी सुपारीची डबी पुढे केली नाही, आणि त्यांनीही मागितली नाही. ते गॅलरीत गेले. आतून आवाज आला, 'या, या, जिंतूरकरसाहेब! गुडघा काय म्हणतो?' मग बराच वेळ काही नाही. मग, 'गेला बघा डाव!' आणि मोठ्यानं हसणं. मग दार ओढून घेतल्याचा आवाज.

मी स्वयंपाकघरात गेले, स्टूल ओढलं आणि बसले. ओट्यावर भाजी होती, कणीक भिजवायची होती. मी काहीच केलं नाही. नुसती बसून राहिले.